हळदीच्या फोटोत नसलेली मोठीआई

(पत्र चार फुलस्केप पानांचं होतं. आखडून देते आहे, नावं काढली आहेत.)

स. न. वि. वि.

मी 62 वर्षांची. 1983 साली लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि धाकटा दीर आठ वर्षांचा. वर्षभरात सासूबाई गेल्या. दिराला मीच न्हाऊमाखू घातलं, त्याचे डबे केले, गोवर आला तेव्हा रात्री उशाशी बसून काढल्या. मालक मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, पगार बेताचा. 1993 मध्ये दिराच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी माझ्या माहेरच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्याला कळू दिलं नाही, पोराच्या मनावर ओझं नको म्हणून. आज तो पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. मालक दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या एका सदऱ्याच्या बाह्या अजून पिवळ्या आहेत, धुऊन जात नाहीत.

यंदा वैशाखात पुतणीचं लग्न झालं, सांगलीतच. आठ दिवस राबले. हळदीच्या वेळी जावेच्या माहेरच्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "वहिनी, दमला असाल, आत बसा जरा." काय ते समजले. आत जाऊन बसले. आहेरात मला शेवाळी रंगाची, दोन बोटं काठाची साडी आली. तसल्याच बारा साड्या आदल्या रात्री मीच पिशव्यांत भरल्या होत्या. दिराला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढे फोटो आल्यावर पुतणीचा फोन आला, "मोठीआई, हळदीच्या एकाही फोटोत तू नाहीस, कुठे होतीस?" म्हटलं, पाय दुखत होते.

तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते ती येतेच. श्रावणात पुण्याला, दिराच्या घरी, पुतणीची पहिली मंगळागौर आहे. "वहिनी, या" असा फोन आला. जावंसं वाटत नाही. मैत्रीण म्हणते, अपेक्षा सोड, दुःख आपोआप संपेल. कशी सोडू? आणि सोडली तर माझ्याकडे उरलं काय?

– एक वहिनी, सांगली

वहिनी,

सही तुम्ही तशी केलीत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वयानं तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, पण ते असू द्या.

आधी साडीचं बोलू. "साडीत काय असतं एवढं" असं मी म्हणणार नाही. लग्नघरात साड्यांचे दोन ढीग असतात, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. एक मानाच्या साड्यांचा. त्या एकेक निवडून आणलेल्या, आत नावाची चिठ्ठी, वेगळी बॅग, आणि बॅगेची किल्ली घरच्या बाईच्या कमरेला. दुसरा देण्याघेण्याचा. तिथे दुकानदाराला नुसता आकडा सांगायचा, अमुक रुपयांतल्या पंचवीस द्या, रंग तुम्हीच काढा. आयत्या वेळी कुणी राहून गेलं तर हात या ढिगात जातो. त्या ढिगातल्या बारा साड्या तुम्ही भरल्यात आणि तेरावी तुमच्या हातात आली. कार्यालयात आपली खुर्ची कुठल्या रांगेत आहे ते त्या साडीनं तुम्हाला सांगितलं. दुखणारच. त्यावर मोठ्या मनाचा मुलामा चढवायची काही गरज नाही.

आता मैत्रिणीचं वाक्य. ते अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्याचा मला राग येतो, म्हणून आधी तेच. "अपेक्षा सोड" हा उपदेश आपल्याकडे ज्यानं दिलं त्यालाच करतात. ज्यानं घेतलं त्याच्या वाट्याला कुणी जात नाही. देणारी बाई असली तर दोनदा करतात. तुमच्या मालकांच्या दुकानात एखाद्या शेतकऱ्याला कुणी म्हटलं असतं का, बाबा रे, हळद गेली, आता पट्टीच्या पैशांची अपेक्षा सोड, मन शांत होईल? यार्डात दंगा झाला असता.

पण यार्डातला व्यवहार आणि तुमचा व्यवहार यांत एक फरक आहे, आणि तिथे तुमची मैत्रीण बरोबर ठरते. यार्डात वजन, भाव, अडत, हमाली सगळं कागदावर असतं, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आकडा एकच दिसतो. तुमचं खातं तुम्ही एकटीनं लिहिलंत. आठ वर्षांच्या पोराच्या नावे रक्कम टाकत गेलात आणि त्याला पत्ताच नाही. डबे, गोवर, जागरणं त्याला आठवत असतील. पोरं ती उजेड-वाऱ्यासारखी धरून चालतात, आपण नाही का धरली? पाटल्यांचं तर तुम्ही मुद्दाम झाकलंत. मी असते तर चार वेळा ऐकवलं असतं, तुम्ही झाकलंत, तो तुमचा मोठेपणा. पण 32 वर्षं झाकून ठेवलेलं त्याला मनोमन उमगलं असेल आणि त्या उमगण्यातून तो तुमच्या नावाची चिठ्ठी लावून पैठणी आणेल, असं धरून बसणं त्याच्यावरही अन्यायाचं आहे. दिवाणजींच्या घरात असलं एकतर्फी खातं कसं चाललं, अशी थट्टा करायचा मोह होतोय. आवरते.

सोडा म्हणते ते एवढंच, न सांगता त्याला कळायला हवं होतं, हे. दीर सोडू नका. माया सोडा असंही म्हणत नाही, ती तशीही सुटणार नाही.

हळदीचं मात्र मी या खात्यात धरतच नाही. तिथे अपेक्षा हा शब्दच चुकतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी पेढे खाल्ल्यासारखे चेहरे केले. त्याच हळदीच्या वह्या लिहून ज्या घरात चूल पेटली, ज्या घरातला सदरा अजून पिवळा आहे, त्या घरच्या बाईला हळदीच्या वेळी "आत बसा" म्हणायचं! आणि वर कारण काय, तर दमला असाल. तुमचं दुःख मोठं दिसावं म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्ही ते "काय ते समजले" या तीन शब्दांत गुंडाळलंत, म्हणून उलगडून ठेवतेय. आपल्या शेजारीच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 च्या मे महिन्यात ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रकानं कार्यालयातल्या आत्याबाई बदलत नाहीत, हे मलाही कळतं. पण एका आख्ख्या गावाला जे चुकीचं वाटलं ते तुम्ही एकटीनं मुकाट पचवावं, असा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही.

आणि एक सांगू? चार पानांतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढे निघून गेलात. पुतणीचा फोन. लग्नाचे शेकडो फोटो आले असतील. नवी नवरी त्यात स्वतःला बघते, फार तर नवऱ्याला बघते. ही पोरगी हळदीचे फोटो एकेक करून चाळते आणि विचारते, मोठीआई कुठे आहे. ज्याला दिसायला हवं होतं त्याला दिसलं नाही म्हणून तुम्ही तीन महिने जाग्या आहात, आणि जिला दिसलं तिला म्हणालात, पाय दुखत होते.

थोडं माझं सांगते, विषयाला सोडून वाटेल, पण नाही.

मी गावभागात राहते. सांगलीत पावसाळ्यात "कसे आहात" कुणी विचारत नाही, "पाणी किती फुटावर" विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ. 2005 च्या महापुरात पाणी 54 च्या आसपास गेलं होतं, तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीशेजारी यजमानांनी पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तसं आम्ही सगळं त्या रेघेच्या हातभर वर, माळ्यावर चढवलं. शेजारचे काका दारात उभे राहून म्हणाले, "पाच साली आलं त्याच्या वर जात नाही, लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या घरात गेलं. ओसरल्यावर परत आलो तर माळ्यावरची ट्रंक चिखलानं भरलेली. तीत माझ्या या सदराची चौदा वर्षांची कात्रणं होती. लोकांना दिलेले सगळे सल्ले मिळून एका हातात मावेल एवढा लगदा झाला होता. आज लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नाही.

त्या काकांशी मी दिवाळीपर्यंत बोलले नाही. नदीवर रागावले नाही बरं का. कृष्णामाईची तर पुढच्याच महिन्यात ओटी भरली. नदीशी भांडायचं कसं? तिला ना तोंड, ना दार. काकांना दोन्ही होतं. त्यांच्या पिठाच्या गिरणीची मोटर गाळात गेली होती, ते रोज ती उन्हात ठेवून पुसत बसायचे, आणि मी समोरून मान वळवून जायची. पुढे 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्या वेळी रेघेकडे बघितलंच नाही, पहिल्या दिवशीच सामान वरच्या मजल्यावर पोचवलं. घर भिजलं, गाळ उपसताना कंबर मोडली, रडलेसुद्धा. भांडण मात्र कुणाशी झालं नाही.

तुमच्या पत्रात मला ते काका दिसले. दिरावर तुम्ही जवळजवळ तीन पानं लिहिलीत. मालकांवर एक वाक्य. तेही सदऱ्याचं.

मला वाटतं, चुकत असेन तर कळवा, की ही साडी मालक असताना आली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. साडी हीच आली असती. पण जन्मभर आण्या-पैशाची चूक पकडणाऱ्या माणसानं बारा आणि एक तेरा हे तिथल्या तिथे ताडलं असतं. रात्री घरी आल्यावर चप्पल काढता काढता काहीतरी तिखट बोलले असते, भावाचा उद्धार केला असता. मग तुम्हीच म्हणाला असता, "जाऊ द्या हो, पोराच्या लक्षात राहिलं नसेल." आणि झोपला असता. यंदा ते तिखट बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तुमचं "जाऊ द्या हो" म्हणायचं राहून गेलं. स्वतःच स्वतःला "जाऊ दे" म्हणून बघितलं असेल. ते लागू पडत नाही, माझाही अनुभव आहे.

हे दुखणं अपेक्षेतून आलेलं नाही. मैत्रिणीचं औषध इथे चालणार नाही, माझ्याकडेही नाही. लग्नघरात पहिल्यांदा तुम्ही एकट्या उभ्या होतात. दिरानं मानाची साडी दिली असती तरी ती घरी आणून दाखवायची कुणाला, हा प्रश्न होताच. मंगळागौरीला हे पुन्हा वर येईल, दिवाळीत येईल. येईल तेव्हा येऊ द्या, फक्त ते दिराच्या नावे टाकू नका, त्याच्या नावावर आधीच पुष्कळ आहे. तो सदराही आता धुवायला टाकू नका.

पहाटे तीनला जाग येण्याबद्दल. तीन महिने ही अवस्था असेल तर ती नुसती मनावर ढकलून चालणार नाही. एकदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब, साखर, थायरॉईड बघून घ्या. आणि रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. हे लिहिल्यावर काही वाचक रागावतात, की आम्ही काय वेडे आहोत का. नाही हो. गुडघा दुखला की दाखवतो, तसंच हे.

आता मंगळागौर. माझं मत, जा. पण जायच्या आधी पुतणीला एक फोन करा, दुपारी, ती निवांत असेल तेव्हा, आणि एवढंच सांगा: "त्या दिवशी पाय दुखत नव्हते गं. मला आत बसायला सांगितलं होतं. तू विचारलंस म्हणून सांगते." पुढे गप्प बसा. साडी काढू नका, गोवर काढू नका, पाटल्या तर नाहीच नाही. हरिपूरच्या पेवांबद्दल, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांबद्दल, मालकांनी तुम्हाला सांगितलं असेलच. 2005 च्या पुरात त्यांतली बरीचशी गेली, पण जुन्या माणसांना रीत आठवते. वर्ष-दोन वर्षं बंद असलेलं पेव उघडलं की लगेच आत कुणी उतरत नसे. आतली हवा मेलेली असते, उतरणारा गुदमरतो. तोंड उघडं टाकून आधी वारा लागू द्यायचा. तुमचं पेव 42 वर्षांचं आहे. त्या पोरीला पहिल्याच दिवशी तळाशी नेऊ नका.

ती काय करेल, मला सांगता येणार नाही. कदाचित म्हणेल, "मोठीआई, मंगळवारी पहिलं हळदीकुंकू मी तुलाच लावणार." कदाचित गडबडेल, "आईला विचारते" म्हणेल. तसं म्हणाली तर लगेच खट्टू होऊ नका. पंचवीस वर्षांची पोर आहे, नव्या घरात आधीच दहा जणांना विचारून पाऊल टाकत असेल. आणि समजा तिथेही कुणी म्हणालंच, "तुम्ही आत बसा जरा," तर उठायचं नाही. "मी इथंच बरी आहे" म्हणायचं, आवाज न चढवता, आणि हातातलं फुलं निवडायचं काम चालू ठेवायचं. बघा, जमलं तर. नाही जमलं, उठून आत गेलात, तरी मी तुम्हाला नापास करणार नाही. एवढ्या वर्षांची सवय एका मंगळवारात मोडत नाही. पण आत गेलात तर या खेपेला पाय दुखतात म्हणू नका.

पाटल्यांचं दिराला सांगावं का, यावर मी दोन दिवस विचार केला. माझा कल सांगण्याकडे आहे, मात्र मंगळागौरीच्या गर्दीत नको आणि बिलासारखंही नको. तो सांगलीला येईल, जुने फोटो निघतील, त्याचा कॉलेजच्या पहिल्या दिवसाचा फोटो हातात येईल, तेव्हा सहज म्हणा, "याची फी माझ्या पाटल्यांनी भरली होती." रडला तर रडू द्या. नुसता "हो का?" म्हणाला, तर त्याचीही तयारी ठेवा, पुरुष असे प्रसंग फार वाईट हाताळतात. आणि सांगायचंच नसेल तर तेही तुमच्या हातात आहे, फक्त मग ती रक्कम वहीतून काट मारून काढून टाका. न सांगणं आणि वसुलीची वाट बघणं, ही दोन्ही कामं एकदम नकोत.

उरलं काय, असं विचारलंत. त्या आठ वर्षांच्या पोराला तुम्ही मोठं केलंत ते उरलं. त्यानं आठवण ठेवली तरी ते घडलेलं आहे, विसरला तरी घडलेलं आहे. त्याच्या पोरीला तुम्हाला मोठीआई म्हणायला कुणी शिकवलं, तेही एकदा आठवून बघा. तुमच्या पत्रात कुठे नाही, पण मला दाट शंका आहे की त्यानंच.

शेवाळी साडीला फॉल-पिको करून घ्या, घडीवर ठेवलेली साडी घडीत चिरते. पुण्याला नेसून जा, रोज वापरा, नाहीतर कामवाल्या मावशींना आवडली तर देऊन टाका. माझं काही म्हणणं नाही.

आणि एक राहिलं. पाटल्या शेवटी सोडवल्या का हो? पत्रात तेवढं कुठे सापडलं नाही. पुढच्या पत्रात लिहा.